आप्पांचं करायचं कुणी

इंदिरानगर, नाशिक
३ सप्टेंबर २०२५

दीपक,

खुशाली विचारत नाही आणि कळवतही नाही. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून पोस्टाने लिहिते आहे.

आप्पांना लकवा झाला आहे. आषाढात मळ्यात शेवंतीची खुरपणी चालली होती, तिथेच बांधावर पडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं सगळं, बोलता काहीच येत नाही. दवाखान्यातून सोडल्यापासून ललितच्या घरी, मखमलाबादला, मागच्या खोलीत पडून आहेत. आईच्या दुखण्याचं तुला कुणी कळवलं नाही म्हणून तू तिच्या दहाव्याला घाटावर सगळ्यांदेखत सांगितलंस, या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. तो हिशेब तू ललितशी कर. या वेळी मी कळवते आहे. थोरली बहीण आहे, पाया पडून सांगणार नाही, पण सांगणार.

सोमवारी मळ्यातल्या घरी गेले होते. त्याआधी पंधरवडाभर मीच तापाने पडले होते, जाणं झालं नव्हतं. उंबऱ्यातच उदबत्त्यांचा धूर. मला वाटलं काही पूजाबिजा आहे. पूजा कसली डोंबलाची! वास दाबायला लावल्या होत्या. आणि त्या वासात आपली अंबूआत्या, तिच्या दोन जावा आणि आणखी कोण कोण पलंगाभोवती कोंडाळं करून बसलेल्या. हातात पोह्यांच्या बशा! आत्या पोह्यांचा घास गिळून आप्पांच्या तोंडावर वाकते आणि ओरडते, "दादा, वळखलं का मला? म्या कोन? सांग बरं!" अगं बाई, वाचा गेलीये त्यांची, कान नाही गेले. आप्पा छताकडे बघत पडले होते. मी सगळ्यांना बाहेर काढलं. आत्या म्हणाली, "लय शानी झाली." झाले तर झाले.

मग आप्पांना एका अंगावर वळवलं. शी! माकडहाडाशी तळहाताएवढी जखम. आत पू. धोतर जखमेला चिकटलेलं. कातडी पिकल्या पपईसारखी निघत होती. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, मला ओकारी आली. वासाने नाही, आपल्या माणसांनी आली.

कारण ऐक. आपल्या घरात सून सासऱ्यासमोर अजून डोक्यावरचा पदर सोडत नाही, मग ललितची बायको त्यांचं धोतर कसं सोडणार? स्नेहा ताट आणून ठेवते, भरवते, आणि मान खाली घालून निघून जाते. ललितला घाण बघवत नाही, लहानपणापासून तसाच आहे. दारातूनच विचारतो, "आप्पा, बरंय ना?" आणि लेकीने बापाला उघडं बघू नये म्हणे, पाप लागतं. मग राहिलं कोण? मळ्यातला गडी सकाळी येतो, धोतर बदलतो, जातो. पुढे दिवसभर आप्पा तसेच. सगळ्यांची लाज शाबूत राहिली आणि बाप सडतोय.

पाप लागू दे, मी पदर खोचला आणि सगळं स्वच्छ केलं. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांना केवढं बरं वाटलं असेल.

ललितला म्हटलं, आता त्यांना अशा ठिकाणी ठेवू जिथे पडलेल्या माणसाचं करणारी माणसं असतात. तो म्हणाला, "आप्पांना आश्रमात? लोक तोंडात शेण घालतील ताई." मग म्हटलं, माझ्याकडे नेते, तर म्हणाला, दोन मुलगे असताना बाप लेकीच्या दारात? शिवाय माझा तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेवटी त्याने एक पळवाट काढली. म्हणाला, दीपक हो म्हणाला तरच. नाहीतर उद्या तोच गावभर सांगेल, ललितने बाप टाकला.

म्हणजे गाडं तुझ्यापाशी अडलंय. पैसे मागत नाही, माझी पेन्शन आहे. ललितला एक फोन कर आणि हो म्हण. ती जखम हाडापर्यंत गेली की मग तुझ्या होकाराचा काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय.

ताई

&nbsp;

मखमलाबाद
१४ सप्टेंबर २०२५

दीपक,

मिळालं तुझं उत्तर. व्हॉट्सॲपवर. आधी एक व्हिडिओ, त्यात कुणी बाबा बासरीच्या सुरावर सांगतोय की आईवडिलांच्या पायाशीच स्वर्ग असतो. खाली तुझी ओळ: "आश्रम नको. आप्पांचा जीव मळ्यात आहे. घरीच ठेवा." ठेवा! कोणी ठेवा? आणि तो स्वर्ग पायाशी असतो तर जरा इकडे येऊन पायाच्या वरचंही बघ. बंगळुरूत बसून बासरी ऐकायला कुणाचं काय जातं?

ललितने तो मेसेज मला तीनदा वाचून दाखवला. त्याला हवंच होतं ते मिळालं.

तुला वाटत असेल, ताईला बापाला कुठेतरी ढकलून मोकळं व्हायचंय. म्हणून मी काय काय बघून आले ते वाच.

आधी त्र्यंबक रोडकडचा एक वृद्धाश्रम. बाग छान, भजनाला हॉल, भिंतीवर सुविचार. व्यवस्थापक म्हणाले, "बाई, माणूस चालता-फिरता पाहिजे. स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे." मी म्हटलं, "अहो, चालता-फिरता असता तर इथं कशाला आणला असता?" ते म्हणाले, नियम आहे, आमच्याकडे पडलेल्यांचं करायला माणसंच नाहीत. खरं बोलले, राग नाही. वृद्धाश्रम वेगळा आणि शुश्रूषेची जागा वेगळी, हे मला या वयात कळलं. तुला तर अजून कळलेलं नाही.

मग कॉलेज रोडच्या मागे एका बंगल्यात. बाहेर पाटी, आत एसी ऑफिस, गुलाबाचा फवारा, लिपस्टिक लावलेली बाई. "अगदी घरच्यासारखं बघतो हं आम्ही." मी न्हाणीघराचं निमित्त करून मागे गेले. एका हॉलमध्ये म्हातारी माणसं ओळीने, टीव्ही मोठ्याने चालू, आणि एका आजींचे दोन्ही हात ओढणीने पलंगाला बांधलेले. का, तर नळी ओढतात म्हणून. त्या आजी मला "सोड गं, सोड गं" म्हणत होत्या. मी गाठ सोडली, तर तिथली कामाची पोरगी धावत आली आणि माझ्यासमोर परत बांधली. मला त्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तेव्हा तुला एक सांगते, कधी कुणासाठी अशी जागा बघायची वेळ आली तर ऑफिस बघू नको, मागची मोरी बघ. न सांगता जा. रात्री किती माणसं असतात ते विचार, आणि कूस कोण बदलतं ते विचार.

तिसरा मार्ग, रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस घरी ठेवायचा. ललित म्हणाला, "घरात वयात आलेली दिशा आहे, परका पुरुष दिवसरात्र नको." त्याच्या लेकीच्या नावावर हेही बंद.

म्हणून मीच आले इथे राहायला. माझ्या घराला कुलूप घातलं आणि आप्पांच्या खोलीत खाट टाकली. दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं तशी कूस बदलते, दर दोन तासांनी. जखम धुते, कपडे बदलते, सगळं करते. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आप्पा काही त्रास देत नाहीत, निमूट करून घेतात. नुसते भिंतीकडे बघत असतात. आत्या बाहेर ओट्यावर बसून "लाजलज्जा सोडली पोरीनं" म्हणते, मी ऐकलं न ऐकलं करते. मी नसते तर काय झालं असतं, याचा विचार कर.

काल आजोबांची तिथी होती. ललित सोवळं नेसून गच्चीवर. खीर, वडे, भाजी, गवारी, पानावर सगळं मांडलेलं, आणि हा हात जोडून कावळ्याला बोलावतोय, या, या, जेवून घ्या. कावळा येईना. तर ललितच्या डोळ्यांत पाणी! आजोबांचं काय राहिलं, काय चुकलं, म्हणून. आणि बरोबर त्याच गच्चीखालच्या खोलीत त्याचा स्वतःचा जिवंत बाप. मी जिन्यातून ओरडले, "ललित, मेलेल्याचं झालं असेल तर खाली येऊन जिवंताला जरा उचलू लाग." तो आला नाही. दिशाने दार लावून घेतलं. मला या घराची किळस आली आहे रे. आणि तुझ्या बासरीचीही.

ताई

&nbsp;

मखमलाबाद
२६ सप्टेंबर २०२५

दीपक,

आप्पांनी खाणं सोडलंय.

आधी घास तोंडातून परत यायचा. मग दात घट्ट मिटायला लागले. मी भात मऊ करून बघितला, पेज केली, त्यांना आवडते म्हणून शेंगदाण्याची आमटी केली. चमचा ओठाशी नेला की मान फिरवतात. डॉक्टरांनी घसा तपासला, गिळायला काही अडचण नाही म्हणाले. जखम भरायची तर अंगात ताकद पाहिजे, नाहीतर फार दिवस नाहीत, असंही म्हणाले.

हे कळताच भावकी जमली. आत्या गंगेचं पाणी आणि तुळस घेऊन आली. "अन्नावरची वासना उडाली, आता नाय राहत दादा." एक जण ओट्यावर बसून पुढची व्यवस्था बोलत होता, दसऱ्याच्या फुलांच्या तोडीत यायला नको म्हणाला. अरे, माणूस आत ऐकतोय! दसऱ्याच्या आत मरावं की नंतर, तेही तुमच्या तोडणीवर ठरवायचं?

मंगळवारी मला इंदिरानगरला जावंच लागलं, घरात पाइप फुटून खालच्यांच्या छतातून पाणी गळत होतं. ललितने अगदी नाइलाजाने एका दिवसाला ब्युरोचा माणूस बोलावला आणि दिशाला मामाकडे पाठवलं. मी संध्याकाळी परत आले तर तो माणूस मोबाइल बघत बसलेला, दाढीवाला, जरा आळशीच वाटला. म्हटलं, काही घेतलं का त्यांनी? तो म्हणाला, "खिचडी खाल्ली की. खुणेने मागून घेतली. केळंपण खाल्लं." माझा विश्वास बसेना. स्नेहाला विचारलं, ती म्हणाली, "हो ताई, मीच ताट आत दिलं. रिकामं आलं."

बुधवारी तो माणूस नव्हता. मी खिचडी केली, तशीच. तोंड बंद.

मी तिथेच मोरीच्या पायरीवर बसले. आधी राग आला. एवढं करते, घर सोडून आले, आणि एका परक्याच्या हातचं चालतं! मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. आप्पांकडे गेले. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडून, म्हणजे त्यांना तोंड फिरवता येणार नाही अशी बसले. विचारलं, "आप्पा, पोटात काही गेलं नाही म्हणजे मला तुमचं धुवावं लागणार नाही, म्हणून जेवत नाही का?"

त्यांनी डोळे मिटले. मग मान हलवली, हो.

दीपक, तो माणूस उपाशी मरायला निघाला होता, माझ्या हातून. मी आत्याला नावं ठेवली, ललितला ठेवली, तुला ठेवली. आपण केवढ्या धीट, केवढ्या पुढारलेल्या, बापाची घाण काढतो, तोंड वाकडं करत नाही! आणि ज्याची काढत होते त्याला एकदाही विचारलं नाही. भिंतीकडे बघून रडायचे ते मला आनंदाचे अश्रू वाटले. सगळ्यांची लाज मी मोजली, त्यांची तेवढी राहिली. मला आज सगळ्यांत जास्त शिसारी माझी येते.

ज्या माणसासमोर आपण शेंबूड पुसायलासुद्धा घाबरायचो, त्याला मी रोज उघडं करत होते. परका माणूस परका असतो, तो हात धुऊन घरी जातो, त्याला आप्पा कोण होते ते माहीत नसतं. मला माहीत आहे, तीच अडचण.

तेव्हा आता तुझा होकार नको. ललितचाही नको. देवळाली कॅम्पात मी शाळेत नोकरीला होते तेव्हापासूनच्या ओळखीची एक मिलिटरी हॉस्पिटलमधून रिटायर झालेली सिस्टर आहे. ती पडलेल्या माणसांसाठी छोटी जागा चालवते. न सांगता दोनदा जाऊन आले. वरण पाणचट आहे, रंग उडालाय, पण मोरी कोरडी आहे, कुणाचे हात बांधलेले नाहीत, आणि पुरुषांचं पुरुष करतात, पडदा ओढून. मी आप्पांनाच विचारलं, जायचं का? या वेळी डोळे मिटले नाहीत. लगेच मान हलवली.

उद्या ॲम्ब्युलन्स येईल. ललितने जिन्यात अडवून सांगितलं, "नाशिकभर माझं नाक कापतेस." मी म्हटलं, नाक शाबूत असतं तर तुला वास आला असता. स्नेहाने आप्पांचे कपडे धुऊन घडी करून पिशवीत भरून माझ्या खाटेखाली ठेवलेत.

ताई

&nbsp;

इंदिरानगर, नाशिक
१३ ऑक्टोबर २०२५

दीपक,

आप्पा जेवतात. ताटात टाकत नाहीत, असं भिका सांगतो. भिका म्हणजे तिथे त्यांचं करणारा, पेठ तालुक्याकडचा आहे, दिवसभर तंबाखू चघळतो, सिस्टर त्याला रोज ओरडते. जखम कडेने भरायला लागली आहे.

पहिले दोन-तीन दिवस मी तिथेच बसून राहिले होते. तेव्हाही त्यांनी नीट खाल्लं नाही, माझ्याकडे चोरून बघायचे. सिस्टरने मला बाजूला घेऊन घरी जा म्हणून सांगितलं. रिक्षात बसून आले तर रडू थांबेना. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याचीच घाण वाटत होती, दोन्ही एकदम. ललित बोलत नाही. आत्या साऱ्या मखमलाबादला सांगते आहे की मी बाप मिलिटरीत टाकला. सांगू दे.

काल गेले होते, सगळं आवरून झाल्यावरच्या वेळेला. खुर्चीत बसवलं होतं. दाढी केलेली, धुतलेली टोपी, सदऱ्याची बटणं लावलेली. मी दारात दिसले तशी त्यांनी डाव्या हाताने समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. बस, म्हणून. आपल्या घरी आलेल्या माणसाला सांगावं तसं. मी बसले.

फुलबाजारातून शेवंती घेऊन गेले होते, पिवळीधमक, म्हटलं खूश होतील. त्यांनी डाव्या हातात घेतली. देठ नखाने दाबून बघितला. पाकळी उलटी केली. आणि चेहरा असा आंबट केला की काय सांगू! ओठ हलले, मानेच्या शिरा फुगल्या, थुंकी उडाली, आणि बाहेर आलं, "का... काल... ची."

कालची! तीन महिन्यांत पहिला शब्द, आणि तो शिळ्या फुलांना शिवी. मी म्हटलं, "नाही हो आप्पा, आज सकाळीच घेतली." त्यांनी माझ्याकडे अशा काही तुच्छतेने बघितलं, जसं मी सातवीत गणितात नापास होऊन आले तेव्हा बघितलं होतं. फुलं उचलून थेट कचऱ्याच्या डब्यात. भिका हसायला लागला, मीही हसायला लागले, आणि हसता हसता मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

आता तुझं. रात्री तुझा मेसेज वाचला. दिवाळीत येतोस, चांगलं आहे. पण पुढे लिहिलंयस, "आप्पांना तोपर्यंत घरी आणून ठेवा. मी मुलगा आहे, मी त्यांचं सगळं स्वतःच्या हाताने करीन." वाचून आधी मला गहिवरून आलं, मग संताप आला. नाही करायचं. तू मुलगा आहेस म्हणून चालेल असं तुला वाटतंय ना, मलाही मी मुलगी आहे म्हणून तसंच वाटत होतं. ज्या पोराला त्यांनी चड्डी घालायला शिकवली, त्याच्यासमोर त्यांचीच चड्डी कुणी सोडायची? तू आठ दिवस सेवा करशील, फोटो काढशील, मनाला बरं वाटेल आणि जाशील. तेवढ्या आठ दिवसांत ते पुन्हा दात मिटून घेतील.

ते आप्पांना हवं असेल तर होईल. त्यांना मी विचारीन, तू नाही.

ये मात्र. सकाळी दहानंतर ये, त्याआधी त्यांचं आवरणं चालू असतं. स्टुलावर बस. बंगळुरूचं सांग, फुलांना तिकडे काय भाव आहे ते सांग, तुला शिव्या घातल्या तर खा. आणि बोलता बोलता त्यांनी एकाएकी भिंतीकडे तोंड फिरवलं, तर समजून घे. काय झालं म्हणून विचारू नको, पुढे होऊ नको, तोंडाने चक्‌चक् करू नको. भिकाला हाक मार, आणि तू उठून बाहेर जा.

उज्ज्वलाताई